डॉ. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी: एका संशोधकाचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयाची ती केवळ त्यांच्या विजयांची मोजदाद करण्यासाठी नव्हे. प्रामाणिक माणसाचे अपयशही आपणांस पुष्कळ शिकविते, आणि कित्येकदा ते शिक्षण अधिक मोलाचे ठरते. ज्या शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो, त्यांस जगाने नोबेल पारितोषिक देऊन गौरविले. लिंबू, संत्रे, मिरची ह्यांसारख्या साध्या पदार्थांतून त्यांनी दोन प्रकारची द्रव्ये उजेडात आणिली: एक ‘क’ जीवनसत्त्व व दुसरी फ्लॅव्होनॉइड नावाची रंगद्रव्ये. पुढे उतारवयात त्यांनी कर्करोगाशी झुंज घेतली. ती मात्र त्यांस जिंकता आली नाही. रोजच्या अन्नातील ह्या रंगद्रव्यांनी कर्करोग बरा होईल काय, हा प्रश्न आज जगभरच्या प्रयोगशाळांत विचारला जातो, आणि घरात आजारी माणूस असलेली अनेक कुटुंबेही तो मोठ्या आशेने विचारतात. त्याचे उत्तर कोणत्या रीतीने शोधावे, हे ह्या चरित्रावरून चांगले समजते.

आल्बर्ट यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. हंगेरी देश त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विस्तीर्ण साम्राज्याचा भाग होता. वडील जमीनदार असून त्यांचे सारे लक्ष शेतीवाडीत असे. आईचे माहेर मात्र विद्वानांचे होते. तिचे बंधू मिहाय लेनहोशेक हे बुडापेस्ट येथे शरीररचनाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. अशा घराण्यातला मुलगा लहानपणापासून तल्लख असेल असे कोणासही वाटावे. परंतु आल्बर्टची गोष्ट अगदी उलट होती. त्याला पुस्तकाचा तिटकारा असे व परीक्षा पार पडावयास खाजगी शिक्षकाची मदत घ्यावी लागे. हा मुलगा मंदबुद्धी आहे असे मामांचे मत झाले होते. सोळाव्या वर्षाच्या सुमारास काय झाले कोण जाणे, तो एकाएकी वाचू लागला, आणि आपण वैद्यकाचे संशोधक होणार असे त्याने घरात सांगून टाकिले. मामांनी साफ विरोध केला. अशा मुलाने फार तर सौंदर्यप्रसाधने तयार करण्याचा उद्योग करावा, एवढीच त्यांची तयारी होती. पुढे शाळेच्या अखेरच्या परीक्षेत भाच्याने उत्तम गुण मिळविले, तेव्हा कोठे त्यांचा विरोध मावळला. इतकेच नव्हे, तर १९११ साली वैद्यकाच्या अभ्यासास लागलेल्या ह्या भाच्यास त्यांनी स्वतःच्याच प्रयोगशाळेत जागा दिली. ज्या पालकांनी आपल्या मुलाविषयी बाराव्या-तेराव्या वर्षीच शेवटचा निकाल देऊन टाकिला असेल, त्यांनी ह्या मामांचे स्मरण ठेवावे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले व ह्या तरुण विद्यार्थ्यास सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावे लागले. त्यास शौर्याबद्दल रौप्यपदकही मिळाले. परंतु दोन वर्षे डोळ्यांदेखत चाललेला संहार पाहून त्याचे मन विटले. हे युद्ध हरल्यातच जमा आहे आणि राज्यकर्ते माणसांचे बळी व्यर्थ देत आहेत, अशी त्याची खात्री झाली. १९१६ साली त्याने स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली व ती शत्रूची असल्याचे सांगितले. ही गोष्ट शाळेच्या अंकात छापावी की नाही याचा आम्ही विचार केला. ती अनुकरणीय म्हणून आम्ही सांगत नाही. परंतु चरित्र म्हणजे स्तुतिस्तोत्र नव्हे, आणि ज्याने ती पुढे स्वतःच उघडपणे सांगितली त्याच्या चरित्रातून ती गाळणे योग्य नव्हे. जखम भरेपर्यंत मिळालेल्या रजेत अभ्यास पुरा करून १९१७ साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला व १९१८ साली नेली ही त्यांची एकुलती एक कन्या जन्मली.

युद्धात हंगेरी हरली, तिचे तुकडे झाले व घरची संपत्ती गेली. पत्नी व तान्ही मुलगी ह्यांसह डॉ. सेंट-ग्यॉर्गी गावोगाव हिंडू लागले. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडेन असे मुक्काम करीत ते हॉलंडातील ग्रोनिंगेन येथे पोहोचले. पोटापुरते मिळवावे व उरलेला वेळ प्रयोगांस द्यावा, असा त्यांचा क्रम असे. तेथे त्यांनी एक अगदी साधा प्रश्न हाती घेतला. आपण वांगे किंवा सफरचंद चिरून ठेविले म्हणजे थोड्याच वेळात ते तपकिरी पडते. परंतु लिंबू किंवा संत्रे कापून ठेविले तर तसे होत नाही. हे का? हवेतील ऑक्सिजनशी वनस्पतीतील द्रव्यांचा संयोग झाला म्हणजे तो तपकिरी रंग येतो. लिंबाच्या रसात हा संयोग लांबविणारे काही तरी द्रव्य असले पाहिजे, असे त्यांनी ताडले. तशाच गुणाचे द्रव्य प्राण्यांच्या मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतही त्यांस आढळले. स्वयंपाकघरात दररोज दिसणारी गोष्ट लाखो माणसांनी पाहिली होती. तिला प्रश्न विचारणारा मात्र एखादाच निघाला.

ग्रोनिंगेन येथील त्यांचे आश्रयदाते प्राध्यापक वारले व पुढे त्यांचा मार्ग खुंटला. पत्नीस व मुलीस माहेरी पाठवून, शास्त्राचा निरोप घ्यावा अशा निराश मनाने, ते स्टॉकहोम येथे भरलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. इंग्लंडचे थोर शास्त्रज्ञ सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे अध्यक्षीय भाषण करीत असता त्यांनी ह्या अनोळखी तरुणाच्या लेखाचा आदराने उल्लेख केला. सेंट-ग्यॉर्गी यांस आपल्या कानांवर विश्वास बसेना. भाषण संपल्यावर ते हॉपकिन्स यांस भेटले, आणि हॉपकिन्स यांनी त्यांस केंब्रिजला बोलावून घेतले. थोरांच्या तोंडून योग्य वेळी निघालेला एक शब्द एखाद्याचे आयुष्य कसे सावरतो, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

केंब्रिजमध्ये ते गूढ द्रव्य स्फटिकरूपाने त्यांच्या हाती आले. त्याच्या एका रेणूत कर्बाचे सहा, हायड्रोजनचे आठ व ऑक्सिजनचे सहा अणू असतात एवढे समजले. परंतु ते नेमके काय आहे हे कळेना. विनोदी स्वभावाच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी त्यास ‘इग्नोज’ असे नाव सुचविले. त्याचा अर्थ, आम्हांस ठाऊक नसलेली साखर! शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांस ही थट्टा रुचली नाही. तेव्हा त्यांनी ‘गॉडनोज’, म्हणजे देव जाणे, असे दुसरे नाव पाठविले. तेही परत आले. अखेर १९२८ साली ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ ह्या गंभीर नावाने तो लेख प्रसिद्ध झाला. नावाच्या ह्या थट्टेत एक गुण लपलेला आहे. जे आपणांस माहीत नाही, ते माहीत नाही असे चारचौघांत सांगण्याची त्यांस लाज वाटत नसे.

ह्यानंतर त्यांनी अमेरिकेत मिनेसोटा प्रांतातील मेयो क्लिनिक ह्या संस्थेत काम केले. तेथील कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी मिळवून त्यांनी महत्प्रयासाने सुमारे २५ ग्रॅम स्फटिक जमविले. पण रेणूची रचना उलगडण्यास तेवढे पुरे पडले नाहीत. पुढे मायदेशाच्या शिक्षणमंत्र्यांचे बोलावणे आले व ते हंगेरीतील सेगेद येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथेच त्या द्रव्याची ओळख पटली.

पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांस स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजत, रक्त वाहू लागे, जुन्या जखमा पुन्हा उघडत व माणूस दगावे. १७४७ साली जेम्स लिंड ह्या इंग्रजी आरमारातील वैद्याने बारा रोगी खलाशी घेऊन दोघादोघांस निरनिराळे उपचार दिले. त्यांपैकी संत्री व लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. ह्या फळांत जे अज्ञात तत्त्व होते त्यास पुढे ‘क’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. परंतु शुद्ध स्वरूपात ते कोणी ओळखिले नव्हते. १९३१ साली जोसेफ स्वर्बेली नावाचा अमेरिकेत शिकलेला तरुण सेगेद येथे आला. माणसाप्रमाणेच गिनीपिग ह्या लहान प्राण्यासही स्कर्व्ही होतो. स्वर्बेलीने गिनीपिगांचे दोन गट केले व दोहोंस जीवनसत्त्व नष्ट झालेले अन्न दिले. एका गटास मात्र रोज किंचित हेक्झुरॉनिक आम्ल चारिले. आम्ल न मिळालेले गिनीपिग स्कर्व्हीने मेले. दुसरे टुणटुणीत राहिले. अज्ञात द्रव्य व ‘क’ जीवनसत्त्व एकच होते! ह्याच वेळी, म्हणजे १९३२ साली, अमेरिकेतील चार्ल्स ग्लेन किंग ह्यांनीही तोच शोध जाहीर केला, व आधीचा मान कोणाचा यावरून पुष्कळ वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही.

आता अडचण उरली ती द्रव्याच्या तुटपुंजेपणाची. ती दूर झाली ती जेवणाच्या ताटावर. सेगेदचा आसमंत पाप्रिका नावाच्या तांबड्या मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. एके रात्री पत्नीने ताजी पाप्रिका वाढिली. ती खाण्याची त्यांस इच्छा नव्हती. पण नको म्हणण्यापेक्षा, ही मिरची आपण अद्याप तपासली नाही, अशी सबब त्यांस सुचली व ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांस दिसून आले की, ही मिरची म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचे कोठार आहे. काही आठवड्यांतच त्यांनी सुमारे दीड किलो शुद्ध स्फटिक तयार केले, आणि ज्यांस त्यावर संशोधन करावयाचे होते त्यांस ते वाटून दिले. इंग्लंडातील हॅवर्थ यांनी त्याची रचना उलगडिली, व स्कर्व्हीचा प्रतिकार करणारे म्हणून त्यास ‘ॲस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव मिळाले.

ह्याच मिरचीतून पुढची गोष्ट निघाली. ऑस्ट्रियातील एका वैद्यास रक्तस्रावाचा रोग होता. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असे. त्याने ॲस्कॉर्बिक आम्ल मागविले. शुद्ध आम्ल पुरेसे हाताशी नव्हते, म्हणून सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिका पाठविली. आणि तो मनुष्य बरा झाला. पुढे शुद्ध आम्ल विपुल झाल्यावर त्यांनी व त्यांचे मित्र डॉ. इश्तवान रुस्न्याक यांनी तशाच रोग्यांवर ते वापरून पाहिले, तो काही गुण येईना! शुद्ध औषध निष्फळ व अशुद्ध औषध गुणकारी, हे कोडे पाहून त्यांनी असे अनुमान केले की, मिरचीत व लिंबात आणखी काही तरी असले पाहिजे. शोध घेता घेता लिंबातून त्यांनी ‘सिट्रिन’ नावाचे मिश्रण काढिले. त्यातील द्रव्ये फ्लॅव्होनॉइड ह्या वर्गातील होती.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लॅटिन भाषेत ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. ह्या शब्दावरून नाव पडलेली ही द्रव्ये वनस्पतींच्या साली, पाने, फुले व फळे ह्यांत असतात. कर्बाच्या पंधरा अणूंचा सांगाडा, त्यात दोन कडी व त्यांस जोडणारा तीन अणूंचा दुवा, अशी त्यांची मूळ घडण असून तिच्यावर निरनिराळे गट चढून हजारो प्रकार झाले आहेत. कांद्यात क्वेर्सेटिन, संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन, हिरव्या चहात कॅटेचिन, सोयाबीनमध्ये जेनिस्टीन. जांभळाचा जांभळा रंगही ह्याच कुळातला. वनस्पतीचे कडक उन्हापासून व किडीपासून रक्षण करणे हे त्यांच्या कामांपैकी एक होय.

१९३६ साली सेंट-ग्यॉर्गी व रुस्न्याक यांनी सिट्रिन हे नवे जीवनसत्त्व असावे असे जाहीर केले व त्यास ‘पी’ हे अक्षर दिले. हे अक्षर निवडण्यात मोठी दूरदृष्टी होती. जीवनसत्त्वांच्या नावांत त्या वेळी इंग्रजी वर्णमालेतील आरंभीची थोडीच अक्षरे वापरली गेली होती. आपले द्रव्य खरोखर जीवनसत्त्व आहे अशी सेंट-ग्यॉर्गी यांची पुरी खात्री नव्हती. म्हणून त्यांनी मुद्दाम दूरचे अक्षर घेतले, हेतू हा की, उद्या चूक ठरल्यास कोणाचाही घोटाळा न होता ते काढून टाकता यावे. आणि तसेच झाले. इतर प्रयोगशाळांत त्यांचे निष्कर्ष पुन्हा मिळेनात. फ्लॅव्होनॉइडांवाचून अमुक रोग होतो असे सिद्ध झाले नाही, आणि १९५० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समितीने ‘पी जीवनसत्त्व’ हे नाव सोडून द्यावे असे ठरविले. आपल्या अपत्याचे नाव ठेवितानाच ते पुसण्याची सोय करून ठेवणारा पिता विरळा! शोधाच्या आनंदातही शंकेस जागा ठेवणे, हा शास्त्रज्ञाचा पहिला धर्म होय.

१९३७ साली त्यांस वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाचे शरीरात मंद ज्वलन कसे होते, ह्याविषयीच्या त्यांच्या संशोधनाचा त्यात गौरव होता. परंतु युरोपवर दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमत होते. रशियाने फिनलंडवर स्वारी केली तेव्हा त्यांनी आपले नोबेल सुवर्णपदक त्या लहान राष्ट्राच्या साह्यार्थ देऊन टाकिले. हंगेरी जर्मनीच्या बाजूस ओढली गेली, तेव्हा १९४३ साली व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूल येथे गेले आणि पंतप्रधान कालाय यांच्या संमतीने त्यांनी दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. ही वार्ता जर्मनांस लागली. हिटलरचा रोष ओढवून घेऊन ह्या नोबेल विजेत्यास युद्धाचा शेवटचा काळ आज येथे तर उद्या तेथे असा लपूनछपून काढावा लागला. युद्ध संपल्यावर काही काळ ते बुडापेस्टला प्राध्यापक व संसदेचे सभासद होते. परंतु नव्या राज्यकर्त्यांच्या कारभारातही त्यांस मोकळा श्वास घेता येईना. १९४७ साली त्यांनी मायदेश सोडिला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात वुड्स होल नावाचे समुद्रकाठचे लहान गाव आहे. तेथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उरलेले आयुष्य घालविले. स्नायू आकुंचन कसे पावतो, ह्यावर त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी युद्धकाळी सेगेद येथे केलेले काम इतके मूलगामी होते की, त्याबद्दल १९५४ साली त्यांस लास्कर पारितोषिक मिळाले. समुद्रात पोहावे, मासे धरावे, तरुणांशी गप्पा माराव्या व प्रयोग करावे, असा त्यांचा दिनक्रम असे. एवढ्यावर चरित्र संपते तर ते केवळ यशाचे चरित्र झाले असते.

परंतु त्यांच्या घरात कर्करोग शिरला. १९६३ साली त्यांची दुसरी पत्नी मार्ता ह्या रोगाने वारली. १९६९ साली एकुलती एक कन्या नेली हिलाही त्यानेच नेले. ज्याने जगास स्कर्व्हीचे औषध शुद्ध करून दिले, त्याच्या हाती स्वतःच्या माणसांसाठी काही नव्हते. कर्करोगाचा विचार त्यांच्या मनात पूर्वीपासून होता. आता त्याने त्यांचे सारे आयुष्य व्यापिले. शरीरातील पेशी वाढावयाच्या कधी व थांबावयाच्या कधी, हे कशाने ठरते? कर्करोग म्हणजे थांबणे विसरलेल्या पेशींची वाढ होय. १९६०च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या थायमस ग्रंथीतून वाढ रोखणारे ‘रेटीन’ व वाढ चेतविणारे ‘प्रोमीन’ अशी दोन द्रव्ये मिळत असल्याचे जाहीर केले. उंदरांवरील प्रयोगांच्या बातम्या ऐकून पुष्कळांच्या आशा पालवल्या. पण ती द्रव्ये शुद्ध होऊन औषधाच्या पायरीस चढली नाहीत. मग त्यांनी आणखी खोल बुडी मारिली. प्रथिनांच्या रेणूंतील इलेक्ट्रॉनांची हालचाल बिघडली म्हणजे पेशी बेबंद वाढते, असा सिद्धांत त्यांनी मांडिला, आणि त्यात आपल्या जुन्या मित्रास, ॲस्कॉर्बिक आम्लासही, स्थान दिले. बहुतेक शास्त्रज्ञांस हा सिद्धांत पटला नाही. आज कर्करोगाचे कारण मुख्यत्वे पेशीतील जनुकांच्या बिघाडात शोधिले जाते.

उतारवयात त्यांस पैशाचीही चणचण भासू लागली. पुढे काय सापडणार ते आधी लिहून द्या, असे अनुदान देणाऱ्यांचे नियम असत; आणि ते आधी ठाऊक असते तर शोधावयाचे कशाला, असा त्यांचा सवाल असे. १९७१ साली त्यांची ही स्थिती वर्तमानपत्रात वाचून फ्रँकलिन सॅलिस्बरी नावाच्या वकिलाने त्यांस २५ डॉलर पाठविले. लगेच स्वहस्ते लिहिलेले आभाराचे पत्र आले. त्या ओळखीतून १९७३ साली कर्करोगाच्या मूलभूत संशोधनास साह्य करणारी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी, वुड्स होल येथे डॉ. सेंट-ग्यॉर्गी निवर्तले.

त्यांच्या हातून सुटलेले दोन धागे, फ्लॅव्होनॉइड व कर्करोग, पुढील पिढीने एकत्र आणिले आहेत. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविलेल्या कर्कपेशींवर क्वेर्सेटिन, जेनिस्टीन किंवा चहातील कॅटेचिन ओतले तर त्या पेशींची वाढ पुष्कळदा खुंटते. हे खरे आहे. आणि येथेच वाचकाने सावध व्हावे. बशी म्हणजे शरीर नव्हे. आपण कांदा खातो तेव्हा त्यातील क्वेर्सेटिनचा थोडाच अंश आतड्यांतून रक्तात जातो. त्यासही आतडी व यकृत दुसरे गट जोडून त्याचे रूप पालटतात व ते लवकर बाहेर टाकितात. बशीत जेवढे प्रमाण लागते त्याच्या मानाने रक्तातील प्रमाण अत्यल्प असते. म्हणूनच अन्नातील फ्लॅव्होनॉइडांपैकी एकही द्रव्य कर्करोगावरील प्रमाणित उपचार ठरलेले नाही.

कधी कधी तर हितकर वाटणारा पदार्थ अपायही करितो. बोर्टेझोमिब हे रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील औषध आहे. हिरव्या चहातील मुख्य कॅटेचिन ह्या औषधालाच जखडून निकामी करिते, असे २००९ साली पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तेव्हा, वनस्पतीचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा समज सोडून दिला पाहिजे. ‘क’ जीवनसत्त्वाचीही तशीच कसोटी झाली. ते भरपूर दिल्यास कर्करोग्यांचे आयुष्य वाढते असे लायनस पॉलिंग यांसारखे थोर शास्त्रज्ञ म्हणत. परंतु जेथे पूर्वी सेंट-ग्यॉर्गी यांनी गुरांच्या ग्रंथींतून ते स्फटिक काढिले होते, त्याच मेयो क्लिनिकने १९७९ व १९८५ साली काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि तोंडाने रोज १० ग्रॅम घेऊनही वाढलेल्या कर्करोगात लाभ होत नाही असे आढळले.

मग वनस्पतींपासून आशा नाहीच काय? तसे मुळीच नव्हे. आपल्या दारच्या सदाफुलीपासून काढिलेले व्हिन्क्रिस्टिन हे औषध १९६३ सालापासून कर्करोगावर वापरात असून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्याने असंख्य जीव वाचविण्यास हातभार लाविला आहे. ते फ्लॅव्होनॉइड नव्हे. पण मार्ग कोणता ते त्यावरून कळते. सदाफुलीची पाने चावून कोणी बरा होत नाही, ती विषारी आहेत. बरे करिते ते त्यांतून शुद्ध केलेले, मिलिग्रॅमांत मोजलेले व चाचण्यांतून पार पडलेले द्रव्य. फ्लॅव्होनॉइडांच्या कुळातही असा प्रयत्न झाला आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या मुंबईतच झाला. पश्चिम घाटातही वाढणाऱ्या एका वृक्षातील रोहितुकिन ह्या द्रव्यावर तेथील हेक्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधन झाले, आणि त्याच्या नमुन्यावर फ्लॅव्होपिरिडॉल नावाचे नवे द्रव्य रचण्यात आले. पेशीचे विभाजन रोखण्याचा गुण त्यात असल्याने १९९०च्या दशकापासून अमेरिकेत रोग्यांवर त्याच्या चाचण्या झाल्या. सर्रास वापरावयाचे औषध ते झाले नाही. तथापि त्याच्या अभ्यासातून पेशीविभाजनाविषयी बरेच ज्ञान मिळाले.

आमच्या पालक वाचकांस आमची विनंती आहे. फळे व भाज्या मुलांस भरपूर द्या. लिंबू, आवळा, पेरू, कांदा ही आपल्या गरिबाच्या घरचीही संपत्ती आहे. परंतु घरात कोणास कर्करोग झाला, तर अमुक रसाने तो जातो असे सांगणाऱ्या जाहिरातीच्या किंवा हातोहाती फिरणाऱ्या निरोपाच्या नादी लागून डॉक्टरांचे उपचार लांबवू नका. ह्या रोगात गेलेला महिना परत मिळत नाही. काही चूर्ण किंवा अर्क द्यावयाचाच असेल तर तो डॉक्टरांस सांगून द्या. आशा धरण्यात पाप नाही. परंतु न तपासलेली आशा दुःखी माणसास विकणे हे मोठे पाप होय.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही डॉ. सेंट-ग्यॉर्गी यांच्यापासून तीन गोष्टी घ्या. ताटातल्या मिरचीस व चिरलेल्या फळासही प्रश्न विचारा. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगा. आणि उत्तर सापडले असे वाटेल तेव्हा ते चूक ठरल्यास मागे घेता येईल, अशी जागा मनात ठेवा. पत्नी व कन्या गमावलेल्या ह्या वृद्ध पित्यास, औषध सापडले, असे जगास सांगण्याचा मोह किती झाला असेल! तरी त्यांनी नव्वदी उलटेपर्यंत शोधच चालू ठेविला. तो शोध अद्याप पुरा व्हावयाचा आहे. उद्या तो पुढे नेणारांत आमच्या ह्या शाळेतील एखादा मुलगा किंवा मुलगी असावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.